विरजणाचं मटण

मावशीला मावशी म्हणणाऱ्यांपैकी एकही तिचा भाचा नव्हता. सगळी गिऱ्हाइकं. नवरा होता तोवर ती साऱ्या गल्लीची वहिनी होती, गल्ल्यावर बसायची आणि पिशव्यांना गाठ मारून द्यायची. नवरा गेला. मटणाच्या दुकानाला कुलूप लागलं, घरातला पिठाचा डबा वाजायला लागला, तेव्हा एका सकाळी तिने कुलूप काढलं, सुरा उचलला आणि ओंडक्यासमोर उभी राहिली. बाहेर चार बघे जमले. बाईमाणूस काय मटण कापणार! त्यातला एक शहाणा म्हणाला, "मावशी, जमेल का?" ती म्हणाली, "तुला कापायचंय का? नाही ना? मग गप उभा राहा आणि किती पाहिजे ते सांग." त्या दिवसापासून ती मावशी झाली, आणि बघे रांगेत उभे राहायला लागले.

तोंडाची फटकळ, पण मापाची खरी. हातात जोर असा की मांडीचा सांधा एका घावात सुटायचा. गल्लीतल्या बायका पाठीमागे तिला कसाईण म्हणायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याच दुकानात "मावशी, जरा कोवळं बघून द्या हं" म्हणून लाडात यायच्या. मावशीला दोन्ही ऐकू यायचं. ती कोवळं बघून द्यायची. धंदा आहे, म्हणायची, धंद्यात कान एकच उघडा ठेवायचा.

दुकान खाली, घर वर. वर तिची एकुलती एक लेक अभ्यास करायची. लेक हुशार निघाली, शिकली, मोठ्या ऑफिसात लागली, तिथल्याच एकाशी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मावशीने जावयात खोट काढायचा खूप प्रयत्न केला, पण तो बिचारा इतका गरीब की तिलाच लाज वाटली.

लग्नानंतर वर्षभरात लेक एकदा माहेरी जेवायला बसली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "आई, हे कोणाचं?"

आता दुकानात दिवसातून शंभरदा लोक विचारतात, कशाचं आहे? बकऱ्याचं, मेंढीचं, कोंबडीचं, जे असेल ते सांगायचं. 'कोणाचं' असं फक्त एकाच वेळी विचारतात, म्हणजे बांधून ठेवलेली पिशवी कोणत्या गिऱ्हाइकाची, हे बघायचं असतं तेव्हा. मावशीला वाटलं, पोरीला शंका आली की आई लोकांच्या ऑर्डरमधलं काढून वाढतेय. तिला राग आला.

"कोणाचं म्हणजे? आपलंच! घरचं सकाळीच बाजूला काढलंय मी. गिऱ्हाइकाचं कशाला वाढीन तुला?"

"तसं नाही गं. हे ताटात यायच्या आधी कोण होतं, ते विचारतेय."

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला. जन्म गेला या धंद्यात, पण हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर तर सकाळी तिच्यासमोर चार पायांवर उभं होतं. ती म्हणाली, "जेव गुपचूप." लेक जेवली नाही.

मग एकेक सुटत गेलं. मटण सुटलं, अंडं सुटलं, दूध सुटलं, दही-तूप सुटलं. चामड्याची चप्पल गेली, रेशमी कपडे गेले. शेवटी मधही गेला. मावशी म्हणाली, "अगं मध खाऊन मी कोणाचं घोडं मारलं?" लेक म्हणाली, "घोड्याचं नाही आई, माशीचं चाललंय." या सगळ्याला व्हीगन म्हणतात, हे जावयाने समजावून सांगितलं. मावशीने ते आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलं. कोणी विचारलं, लेक कशी आहे, तर म्हणायची, "बरी आहे. विघ्न झालीय."

गंमत सोडा. खाण्यावरून ती लेकीशी भांडली नाही. ज्याचं पोट त्याचा कारभार, असं ती मानायची. तिला लागायचं ते वेगळंच. लेक तिच्या घरात पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. साधा भातही नाही. भांडी तीच ना आई, म्हणाली. मावशीने नवी कोरी भांडी आणली, वेगळ्या फळीवर फडक्याखाली झाकून ठेवली. तर म्हणाली, "खाली तुझं दुकान चालू असतं गं. तिथे कोणीतरी मरतंय आणि वर बसून आपण जेवतोय, मला घास उतरत नाही." दुकान खालीच होतं.

मग नात झाली. सारखी गोल गोल फिरायची म्हणून मावशीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. भिंगरी आजीकडे यायची ती आपला डबा घेऊन. आजीने तिला मांडीवर घ्यावं, डोक्याला तेल लावावं, पाठीवर घेऊन जिना चढावा-उतरावा, सगळं चालायचं. जेवणाची वेळ झाली की लेक डबा उघडायची, पोरीला आपल्याकडे ओढून घ्यायची आणि भरवायची. मावशी समोर बसून बघायची. जगातल्या प्रत्येक आजीला जे फुकटात मिळतं ते तिला हवं होतं. नातीला आपल्या हाताने, आपल्या हातचा एक घास भरवायचा. बस्स. दुसरं काही नको. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण ती इच्छा तिला इतकी जाळायची की भिंगरी गेल्यावर ती रिकाम्या घरात उगाच भांडी आपटत बसायची.

अशात एक दिवस दुकानात टाय लावलेला माणूस आला. मटणाच्या दुकानात टाय बघून मावशीला वाटलं, आली बला, लायसन्सचं काहीतरी असणार. पण तो एका कंपनीचा निघाला. गोड बोलणारा. म्हणाला, आम्ही कारखान्यात मटण तयार करतो. जिवंत जनावराच्या अंगातून सुईने इवलासा कण काढायचा. जनावराला काही होत नाही, ते पुन्हा चरायला जातं. तो कण स्टीलच्या मोठ्या टाकीत ठेवायचा, त्याला उबेत ठेवून खाऊपिऊ घालायचं. तो वाढत जातो, वाढत जातो आणि त्याचं मटण होतं. खोटं नाही, सोयाबीनचं नाही. खरं मटण.

मावशी म्हणाली, "म्हणजे दही लावल्यासारखं. चमचाभर विरजण घालायचं आणि उबेत ठेवून द्यायचं."

टायवाला खूश झाला. अगदी बरोबर, म्हणाला.

"मग विरजणाचं मटण म्हणा की सरळ. एवढं लांबण कशाला लावताय?" मावशी पुन्हा सुऱ्याकडे वळली. आणि मग एकदम थांबली. "अहो, पण ते कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? कंपनीचं."

"ते नाही हो! जनावर. मेलं कोण त्यात?"

"कोणीच नाही मेलं. तेच तर सांगतोय मघापासून. ते कोणाचंच नाही."

"पुन्हा सांगा."

टायवाल्याने पुन्हा सांगितलं. मावशीने त्याला स्टूल दिलं आणि चहा मागवला. उभ्या आयुष्यात तिने विक्रेत्याला चहा पाजला नव्हता.

अट एकच होती. ज्या दुकानात कंपनीचा माल, तिथे दुसरं मटण चालणार नाही. एक तर हे, नाही तर ते. मावशीचा धाकटा दीर तिने दुकान पुन्हा उघडल्यावर मदतीला आला होता, आणि तेव्हापासून तिच्या बरोबरीने राबत होता. त्याला कळलं तेव्हा तो हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? चालतं दुकान आहे. दादाने हयात घालवली इथे. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"जग बदलतंय भाऊजी."

"जगाचं मला सांगू नका. तुम्हाला जग बदलायचं नाही, तुम्हाला लेकीला जेवायला बोलवायचंय. सगळं कळतं मला."

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला मावशीला जमायचं नाही. दीर म्हणाला, मला दादाचा ओंडका आणि सुरे द्या, मी माझं बघतो. तिने दिले. चार माणसांनी तो ओंडका उचलून नेला, आणि जिथे तो इतकी वर्षं उभा होता तिथे फरशीवर एक फिकट गोल राहिला. पंधरवड्यात दिराने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, आपलं दुकान थाटलं.

मावशीच्या दुकानात काचेचे फ्रीज आले. हिरव्या झाकणाचे डबे आले. तिला प्लॅस्टिकची टोपी आली, हातमोजे आले. कापायला काही उरलं नाही. डबा काढायचा आणि द्यायचा. जुनी गिऱ्हाइकं कौतुकाने आली, उलटसुलट करून डबा बघितला.

"मावशी, नळी कुठंय?"

"विरजणाला नळी नसते."

"हाडच नाही? मग चोखायचं काय?"

"बोटं चोख स्वतःची."

एक म्हातारा गिऱ्हाईक डबा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "मावशी, शेळी जायची जिवानिशी आणि आम्ही म्हणायचो वातड. आता शेळी मजेत गवत खातेय, तर वातड तरी कोणाला म्हणायचं? मजाच गेली." आणि तो रस्ता ओलांडून समोर गेला. त्याच्या मागून एकेक करून बाकीचे गेले. दिराच्या दुकानासमोर रांग लागायची आणि मावशी टोपी घालून फ्रीजशेजारी बसून ती रांग बघायची. तेलही गेलं, तूपही गेलं, असं गल्लीतल्या बायका आता तोंडावर म्हणायला लागल्या. मावशी म्हणायची, "तुम्ही तुमचं धुपाटणं सांभाळा." तिला पर्वा नव्हती. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

लेकीला तिने फोन केला. दुकान बंद केलं, असं नाही म्हणाली. बदललं, म्हणाली. आता खाली कोणी मरत नाही.

लेकीचा आवाज ओला झाला. "आई, तू हे माझ्यासाठी केलंस?"

"छे! धंद्यासाठी. रविवारी जेवायला ये. तिघंही या."

"येते," लेक म्हणाली.

त्या रविवारी मावशी पहाटेपासून उठून बसली. दुकानाची फरशी घासली, जिना घासला. फडक्याखालची नवी भांडी पहिल्यांदा चुलीवर चढली. तूप नाही, दही नाही, लोणी नाही, सगळं तेलात. भात केला, भाजी केली, आणि कांदा लालसर परतून त्यावर विरजणाचं मटण टाकलं, बटाटे घालून शिजवलं. वास खरोखरीचा आला. मावशी स्वतःशीच हसली. एवढी खूश ती नवरा गेल्यापासून झाली नव्हती.

तिघं आली. ताटं वाढली. भिंगरी आपणहून आजीच्या मांडीत येऊन बसली. मावशीने तिच्यासाठी भात कालवला, मटणाची एक मऊ फोड कुस्करून त्यात घातली, इवलासा घास केला. भिंगरीने तोंड उघडलं.

"आई, थांब. हे कोणाचं आहे?"

मावशीला वाटलंच होतं, ती विचारणार. या प्रश्नाचीच तर ती वाट बघत होती! महिनाभर तिने उत्तर जपून ठेवलं होतं.

"कोणाचंच नाही," ती म्हणाली. "बघ, कोणीच मेलेलं नाही. दही लावतो ना आपण, विरजण घालून—"

"आम्ही दही खात नाही, आई."

"अगं, उदाहरण देतेय. तसं, एवढासा कण घ्यायचा—"

"मला माहीत आहे कसं करतात. वाचलंय मी." लेकीने ताट थोडं पुढे सारलं. "कोणाचंच नाही असं काही नसतं. पहिला कण ज्याच्या अंगातून काढला, त्याला विचारलं होतं का कोणी?"

"विरजणाला कोण विचारतं?"

"तेच तर! आणि समजा विचारलं. तरी मटण पाहिजेच, हा हट्ट राहिलाच ना? जनावर बघितलं की त्याला खायची इच्छा होणं, तीच मला नकोय. ती इच्छा मरायला हवी. तुम्ही तिला नुसता नवीन डबा दिलात."

"मी जन्मात कधी जनावर बघून जीभ चाटली नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला बकऱ्यात काम दिसायचं. काम! तुझ्या घरातल्या कॉम्प्युटरात दिसतं ना तुला, तसं."

जावई एवढ्या वेळात दोनदा वाढून घेऊन मोकळा झाला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "आई, झकास झालंय. आणि मला विचाराल तर यात काही गैर नाही. मेलं कोण? कोणीच नाही." लेकीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिसऱ्यांदा पुढे केलेला हात मागे घेतला.

"माझं तत्त्व आहे, आई," लेक म्हणाली. "तुला पटणार नाही. पण मला ते सोडता येत नाही." आणि तिने हात पुढे करून भिंगरीला आजीच्या मांडीवरून उचलून घेतलं. पोरीचं तोंड अजून उघडंच होतं. मावशीच्या बोटांत तो घास राहिला. जेवण तिथेच आटोपलं. भात, भाजी, सगळं ताटात तसंच निवलं. ती तिघं लवकर निघून गेली.

मावशी त्या रात्री रडली. पण सकाळी उठून तिने एक वेगळीच गोष्ट केली. ती लेकीची बाजू घेऊ लागली. समोरून दीर ओरडून विचारायचा, "काय वहिनी, जेवली का लेक?" तर ही म्हणायची, "नाही जेवली! तत्त्वाची पक्की आहे माझी पोर. तुमच्यासारखी नाही, जिकडे रस्सा तिकडे धाव." गल्लीतल्या बायकांना ती ऐकवायची, पहिला कण ज्याच्या अंगातून काढला त्याला कोणी विचारलं का? बायका एकमेकींकडे बघायच्या. मावशीला त्यातलं निम्मं पटलेलं नव्हतं. पण लेकीने नाही म्हटलं ते मटणाला. आईला नाही. जनावराच्या मायेपोटी कोणी घास नाकारला तर त्यात आईचा अपमान कसला? असं ती स्वतःला समजवायची, आणि त्यावर तिचे दिवस बरे जायचे. अभिमानसुद्धा वाटायचा.

मग कंपनीने शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं दुकान काढलं आणि सगळ्या विक्रेत्यांना तिथे एका दुपारी बोलावलं. डबे कसे मांडायचे, गिऱ्हाइकाशी कसं हसायचं, हे शिकवायला. मावशीला हसायला शिकवणारी पोरगी तिच्या लेकीपेक्षा लहान होती. मावशीने शिकून घेतलं. बाहेर पडली तेव्हा लक्षात आलं, लेकीचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. सुट्टीचा दिवस, सगळी घरीच असतील. पाच मिनिटं डोकावून भिंगरीला बघू आणि जाऊ, असं तिने ठरवलं.

दार जावयाने उघडलं. "आई! तुम्ही?" म्हणाला, आणि दारातच उभा राहिला. बाजूला होईना. त्याच्या अंगावरून आतला वास आला. लालसर परतलेला कांदा आणि त्यात शिजलेलं मटण. तो वास मावशीला झोपेतही कळला असता.

ती त्याच्या बाजूने आत गेली. भिंगरी टेबलाशी उंच खुर्चीत बसून दोन्ही हातांनी जेवत होती, गालाला रस्सा लागलेला. लेकीचं ताट तिच्या शेजारी, अर्धं संपलेलं. टेबलावर हिरव्या झाकणाचा डबा पडला होता.

लेक स्वयंपाकघरातून आली आणि आईला बघून जागच्या जागी थबकली. "आई... फोन करून यायचं ना गं."

"कोणाचं आहे गं हे?" मावशीने विचारलं.

लेकीने मान खाली घातली. "कोणाचंच नाही."

"मीच आणलं पहिल्यांदा," जावई घाईघाईने म्हणाला. "इथे जवळच नवीन दुकान झालं ना, तिथून. मग हिनेही खूप वाचलं, विचार केला..."

"खरंच केला, आई. माझं मत बदललं. मी चुकत होते. कोणी मरत नसेल तर—"

"हेच मी सांगत होते तुला."

"हो."

"मग एक फोन करायचास. आई, माझं चुकलं, येते जेवायला. एवढंच. माझ्या दुकानात हेच डबे आहेत. याच झाकणाचे." मावशी हे शांतपणे बोलली, आणि बोलता बोलताच तिला दुसरं काहीतरी दिसायला लागलं. "त्या दिवशी तू भातही खाल्ला नाहीस. भाजीही नाही. खाली कोणी मरत नव्हतं, भांडी नवी होती. भात कोणाचा होता गं?"

जावयाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सांग की! मला कळू दे."

"तुझ्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही, आई." लेकीने एकदाचं सांगून टाकलं आणि तिला रडू फुटलं. "आजचं नाही. लहानपणापासून. शाळेचा डबा मी कधीच खाल्ला नाही, वाटून टाकायचे. तू खाली कापायचीस आणि वर येऊन पीठ मळायचीस. कितीही धुतलेस तरी मला तेच हात दिसायचे. जनावरांचं खोटं नाही गं, अगदी खरं आहे, शपथ. पण ते मला सापडलं तेव्हा हायसं वाटलं. तुला न दुखवता नाही म्हणता येत होतं."

"हो का," मावशी म्हणाली. "छान केलंस. दुखलं नाही अजिबात."

याच हातांनी तुला वाढवलं, हे वाक्य प्रत्येक आईकडे तयार असतं. मावशीकडेही होतं. जिभेवर आलंही होतं. पण ते हातच जर पोरीला नकोसे, तर त्यांचीच साक्ष काढून काय उपयोग? तिला लाज वाटली. रागापेक्षा लाज जास्त. ओंडका गेला, गिऱ्हाईक गेलं, दीर तुटला, त्याचं तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. आपण उभ्या आहोत आणि आपल्याला दोन हात आहेत, याचीच तिला लाज वाटली. तिने ते पाठीमागे घेतले.

"आजी!" भिंगरी खुर्चीतून ओरडली. मोठ्या माणसांचं काय चाललंय, त्याचा तिला पत्ता नव्हता. तिने आपल्या ताटातला भात चिमटीत धरला होता, त्यात मटणाची एक फोड. "आजी, आ कर."

मावशी वाकली. हात पाठीमागेच ठेवून तिने तोंड उघडलं. भिंगरीने घास आत कोंबला, बोटं ओठांना लागली, आणि ती खिदळली. "आजी खाल्ली! आजी खाल्ली!"

भिंगरीच्या ताटात अजून निम्मं जेवण होतं. लेक डोळे पुसत पुढे आली, तिने पोरीला खुर्चीतून उचललं, बेसिनपाशी नेलं आणि आजीच्या ओठांना लागलेली बोटं साबण लावून एकेक करून धुतली. मुद्दाम नाही केलं तिने. आपण काय करतोय याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती रडत होती, आणि धुता धुता मागे वळून आईला म्हणत होती, "अशी उभी काय राहिलीस? बस ना गं, आता जेवूनच जा."